न पाहिलेल्याला शब्द देणारा : हेन्री मार्टिन

हैदराबादेत राहणाऱ्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या मुलांना शाळेत एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा शेजारच्या बाकावरचा मुसलमान मित्र असतो, आणि त्याच्या मनात काही वाकडे नसते. देवाला बायको नाही, मग त्याला मुलगा कसा, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. आमचे लेकरू तो प्रश्न घेऊन रविवारी संडेस्कूलमध्ये येते. बाईंना विचारते, आणि बाई अडखळतात.

बाईंना दोष देण्याचे कारण नाही. गाय म्हणजे काय हे मुलाला सांगायचे तर बोट दाखविता येते. गोड म्हणजे काय हे चिमूटभर साखर जिभेवर ठेवून सांगता येते. परंतु देव, आत्मा, अनंतकाळ, स्वर्ग यांच्याकडे बोट कसे दाखवावे? जे माणसाच्या अनुभवात बसत नाही त्याची व्याख्या होऊ शकते काय? आणि होत नसेल, तर दर रविवारी आपण जे शब्द उच्चारतो त्यांना अर्थ तरी काय उरतो? अशा वेळी शिक्षकांपुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, प्रश्नोत्तरावलीतले उत्तर पाठ करून घेणे. दुसरी, असले प्रश्न विचारू नयेत, विश्वास ठेवावा, असे सांगून मुलाला गप्प बसविणे. या दोन्ही वाटांनी समाधान न झालेल्या एका माणसाची जीवनकथा या अंकात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचे नाव आमच्या शहराला नवे नाही. येथे शिवरामपल्लीला हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट आहे. ही संस्था १९३० साली लाहोरात सुरू झाली आणि उत्तर हिंदुस्थानात मुक्काम बदलत १९७१ साली हैदराबादेत आली. ख्रिस्ती माणसाने इस्लामचा नीट अभ्यास करावा आणि दोन्ही समाजांनी एकमेकांना समजून घ्यावे, यासाठी ती काम करते. फलकावरचे ते नाव अनेकांनी वाचले आहे, पण तो माणूस कोण होता हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मार्टिनसाहेबांनी हैदराबाद कधी पाहिले नाही. त्यांना आयुष्यच मिळाले एकतीस वर्षांचे.

हेन्री मार्टिन यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७८१ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील ट्रुरो या गावी झाला. वडील प्रथम खाणीत काम करीत. तेथे मिळणाऱ्या मोकळ्या वेळात ते स्वतःच गणित शिकले आणि पुढे एका व्यापाऱ्याच्या पेढीत कारकून झाले. हेन्री अंगाने किरकोळ आणि स्वभावाने तापट होता. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला तेव्हा त्याला गणिताची गोडी नव्हती. युक्लिडची भूमिती त्याला समजेना, म्हणून त्याने सिद्धान्त शब्दशः पाठ करण्याचा सपाटा लावला. संडेस्कूलच्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पाठ झाले म्हणजे समजले असे होत नाही, हे त्या मुलाला लवकरच कळून चुकले. मग तो खरोखर अभ्यासाला लागला, आणि १८०१ साली, वयाची वीस वर्षे पुरी होण्याआधी, गणिताच्या परीक्षेत सबंध विद्यापीठात पहिला आला. या मानकऱ्याला तेथे सीनियर रँग्लर म्हणतात.

भूमितीत शिरलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. ज्याला लांबी नाही, रुंदी नाही असा बिंदू कोणीही पाहिलेला नाही. फळ्यावर खडूने काढतो तो बिंदू नव्हे, तो खडूचा ठिपका. तरीसुद्धा त्या न दिसणाऱ्या बिंदूवर सबंध भूमिती उभी राहते आणि तिच्या आधाराने पूल बांधले जातात. तेव्हा, जे दिसत नाही त्याविषयी अर्थपूर्ण बोलताच येत नाही, हे म्हणणे टिकत नाही. मात्र भूमितीचा बिंदू कोणाच्या दुःखात धावून येत नाही. त्याच्यावर प्रेम करता येत नाही. देवाविषयी बोलायचे तर भूमितीच्या व्याख्येहून निराळे काहीतरी हवे.

ते मार्टिनसाहेबांना शोकाच्या वाटेने मिळाले. ते शिकत असतानाच वडील वारले. धाकट्या बहिणीने त्यांना नवा करार वाचण्याचा आग्रह केला. पुढे केंब्रिजचे पाळक चार्ल्स सिमियन यांचे उपदेश ते ऐकू लागले. परीक्षेत पहिला नंबर मिळाला, पण हाती सावली आल्यासारखे त्यांना वाटले. कॉलेजात फेलोची जागा मिळाली होती. वकिली करून पैसा मिळविता आला असता. परंतु विल्यम केरी यांचे बंगालमधील कार्य आणि अमेरिकेतील तद्देशीय लोकांत खपलेल्या डेव्हिड ब्रेनर्ड यांचे चरित्र वाचून त्यांनी हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले. लिडिया ग्रेनफेल नावाच्या तरुणीवर त्यांचे प्रेम होते. हिंदुस्थानातून त्यांनी तिला लग्नासाठी विचारले, पण ती आली नाही. ही जखम त्यांनी शेवटपर्यंत बाळगली.

ईस्ट इंडिया कंपनीचे पाद्री म्हणून ते १८०६ साली बंगालमध्ये आले. पहिले काही महिने ते श्रीरामपूरला राहिले. त्याच गावी केरी यांच्या छापखान्यात, वैजनाथ पंडितांच्या साह्याने, आपल्या मराठी नव्या कराराचे काम चालले होते. तो १८११ साली छापून पूर्ण झाला. मार्टिनसाहेब पुढे दानापूरला आणि तेथून कानपूरला गेले. त्यांच्याकडे मुख्य काम आले ते नवा करार हिंदुस्थानीत, म्हणजे आपण जिला उर्दू म्हणतो त्या भाषेत आणण्याचे. बनारसचे मिर्झा फितरत हे त्यांचे मदतनीस होते.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात, व मग हैदराबाद राज्यात, होता. निजामाच्या अमदानीत तिकडच्या आमच्या वडीलधाऱ्यांचे शिक्षण उर्दूतून झाले. त्यांना वेगळे सांगायला नको की उर्दूत धर्माचे शब्द आधीच भरलेले असतात. रूह-उल-कुद्स म्हटले की ख्रिस्ती माणसाच्या मनात पवित्र आत्मा येतो, तर मुसलमान श्रोत्याच्या मनात बहुधा जिब्राईल देवदूत येतो. येशूला देवाचा शब्द हे नाव कुराणातही आहे, पण त्याचा अर्थ योहानाच्या शुभवर्तमानातल्यासारखा घेत नाहीत. आपल्या मराठीतही हीच अडचण आहे. आत्मा हा शब्द वेदान्त ऐकून वाढलेल्या माणसाला एक सांगतो आणि आपल्या मंडळीतल्या म्हातारीला दुसरे सांगतो. पंडिता रमाबाईंनी हे जाणले होते. १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून झालेल्या आपल्या बायबलच्या भाषांतरात त्यांनी जड संस्कृत शब्द टाळून साधे शब्द घेण्याचा यत्न केला तो याच कारणासाठी.

मग भाषांतरकाराने करावे काय? नवे शब्द घडविले तर कोणाला कळत नाहीत. जुने घेतले तर ते आपला जुना अर्थ बरोबर आणतात. साबात नावाचे एक अरब गृहस्थ मार्टिनसाहेबांच्या हाताखाली फारसी भाषांतर करीत. त्यांना आपल्या विद्वत्तेचा मोठा अभिमान. त्यांनी इतके अरबी शब्द घातले की सामान्य माणसाला ते भाषांतर कळेना, आणि ते बाजूला ठेवावे लागले. मार्टिनसाहेबांनाही एक नाद लागला. हिब्रू शब्दांच्या मुळाशी, अगदी अक्षरांपर्यंत गेले, तर अर्थाचे कोडे सुटेल असे त्यांना वाटू लागले. या विचारात त्यांनी रात्रीच्या रात्री जागून काढल्या. त्यातून काही हाती लागले नाही. एकेक शब्द फोडून त्यात देवाचा अर्थ सापडत नाही, हा धडा मात्र आपल्याला मिळाला.

अर्थ कोठे सापडतो, हे कानपुरातच घडलेल्या एका गोष्टीवरून दिसते. त्यांच्या बंगल्याच्या आवारात दर रविवारी भिकारी जमत. पुढे पुढे त्यांची संख्या आठशेपर्यंत गेली. साहेब त्यांना भिक्षा देत आणि चार शब्द सांगत. एके रविवारी काही तरुण मुसलमान मौज पाहायला आले. त्यांत दिल्लीचे शेख सालिह होते. दहा आज्ञांवरील विवेचन त्यांच्या कानी पडले आणि मनाला लागले. त्यांनी साबात यांच्याकडे नकलनविसाचे काम धरले. नव्या कराराचे उर्दू भाषांतर पुरे झाले तेव्हा ती हस्तलिखित प्रत बांधणीसाठी त्यांच्या हाती आली, आणि त्यांनी ती बांधण्याआधी सगळी वाचून काढली. त्यांना कोणी त्रैक्याची व्याख्या सांगितली नव्हती. त्यांनी गोठ्यापासून कबरेपर्यंत आणि कबरेच्या पलीकडची हकिकत वाचली. १८११ साली पेंटेकॉस्टच्या रविवारी कलकत्त्यात त्यांचा बाप्तिस्मा होऊन ते अब्दुल मसीह झाले आणि पुढे पाळक झाले. देवाचा पुत्र या शब्दांचा अर्थ त्यांना सबंध पुस्तकातून कळला. पण हा बाप्तिस्मा मार्टिनसाहेबांनी पाहिला नाही. तोवर ते देश सोडून गेले होते.

क्षयाने शरीर पोखरले होते. बहिणींच्या मरणाच्या वार्ताही हिंदुस्थानातच येऊन पोचल्या होत्या. फारसी भाषांतर इराणातच सुधारावे असे ठरवून ते जानेवारी १८११ मध्ये कलकत्त्याहून निघाले. त्याच जहाजावर पुण्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून जाणारे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. वाटेत गोव्याला मार्टिनसाहेबांनी फ्रान्सिस झेवियर यांची कबर पाहिली. आपल्या तिसाव्या वाढदिवशी ते मुंबईस उतरले. तेथे विद्वान पारशी मुल्ला फिरोज यांच्याशी त्यांचे बोलणे झाले. मग समुद्रमार्गे पुढे जाऊन जून महिन्यात ते शिराझला पोचले.

शिराझ म्हणजे कवींचे आणि पंडितांचे शहर. तेथे ते जवळजवळ अकरा महिने राहिले. मिर्झा सय्यद अली हे त्यांचे मदतनीस. रोज कोणी ना कोणी वाद घालायला येई. एका बाजूला मुल्ला मंडळी होती. तर्कशास्त्रात ती पटाईत. मिर्झा इब्राहीम यांनी इस्लामच्या बाजूने एक सभ्य आणि विद्वत्तापूर्ण प्रबंध लिहिला आणि मार्टिनसाहेबांनी त्याला फारसीत उत्तरे दिली. हे लेखन पुढे १८२४ साली केंब्रिजच्या सॅम्युएल ली यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केले. मुल्लांचे म्हणणे थोडक्यात असे की, देव एक आहे, त्याच्यासारखा कोणी नाही, मग पुत्र हा शब्द त्याच्या बाबतीत निरर्थक ठरतो.

दुसऱ्या बाजूला सूफी होते. त्यांतल्या मिर्झा अबुल कासिम या नामांकित वृद्धाला मार्टिनसाहेब भेटायला गेले. मोकळ्या अंगणात शिष्य बसले होते. बराच वेळ कोणीच बोलेना. हे लोक चिंतनात आहेत, असे त्यांना सांगण्यात आले. मार्टिनसाहेबांना ते मौन सोसेना. त्यांनी स्वतःच बोलण्यास सुरुवात केली. येथे आम्ही थोडे त्यांच्या विरुद्ध जाऊ. त्या अंगणात आणखी घटकाभर गप्प बसले असते तर बरे झाले असते. त्यांच्या रोजनिशीत परधर्मीयांविषयी काही कठोर शेरेही आहेत. आज आपण तसे लिहिणार नाही. संताला संत म्हणताना त्याची उणीव झाकण्याचे कारण नाही.

परंतु त्यांची अडचण खरी होती. मुल्ला म्हणत की शब्द असा वापराल तर त्याला अर्थ नाही. सूफींचे मौन सुचवी की शब्दच नको. मार्टिनसाहेबांच्या टेबलावर तर भाषांतराचा कागद होता. त्यावर काहीतरी शब्द लिहावाच लागणार होता.

आमच्या मते, पुत्र या शब्दापुरते मुल्लांचे अर्धे म्हणणे ख्रिस्ती माणसाने मोकळ्या मनाने मान्य करावे. देवाला शरीर नाही, बायको नाही, माणसासारखी संतती नाही, हे मंडळीनेही पहिल्या शतकांपासून म्हटले आहे. नीसिया येथे ३२५ साली जमलेल्या बिशपांनी विश्वासाचे शब्द ठरविले ते देवाचे चित्र काढण्यासाठी नव्हते. चुकीचे अर्थ बाहेर ठेवण्यासाठी होते. व्याख्या ही शेताच्या बांधासारखी आहे. बांध असला म्हणजे आपले शेत कोठे संपते ते कळते आणि भांडणे टळतात. पण पीक बांधावर येत नाही. ते शेतात उतरून काढावे लागते.

ते शेत कोणते, हे शिराझच्या एका प्रसंगात दिसून येते. एकदा सय्यद अली यांनी सहज एक गोष्ट ऐकविली. तिचा आशय असा की, लढाईत इराणच्या युवराजाने इतके ख्रिस्ती मारले की स्वर्गात येशूने महंमदाचा पदर धरून दयेची याचना केली. ऐकून मार्टिनसाहेबांचा चेहरा उतरला. एवढे वाईट वाटण्याजोगे त्यात काय आहे, असे सय्यद अलींनी विचारले. येशूचा असा अपमान होत राहिला तर जगणेच आपल्याला असह्य होईल, असे साहेब म्हणाले. सय्यद अलींना नवल वाटले. त्यांनी पुन्हा कारण विचारले. त्यावर या गणितज्ञाने प्रमेय मांडले नाही. एखाद्याचे डोळे उपटले तर दुखते, ते का दुखते याचे कारण तो देऊ शकत नाही, तसे हे आहे, असे त्यांनी सांगितले. आपण ख्रिस्ताशी जोडलेले आहोत म्हणून घाव आपल्याला लागतो, एवढेच ते म्हणू शकले. सय्यद अलींनी लगेच क्षमा मागितली. कितीतरी दिवसांच्या वादाने जे झाले नव्हते ते त्या एका क्षणी झाले. या परदेशी माणसाला येशू म्हणजे काय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

फेब्रुवारी १८१२ मध्ये फारसी नवा करार पुरा झाला. पाठोपाठ स्तोत्रसंहिताही झाली. शहाला प्रत भेट द्यावी म्हणून ते मे महिन्यात उत्तरेकडे निघाले. वजिराच्या दरबारात लोकांनी त्यांना घेरले आणि इस्लामचा कलमा म्हणण्यास सांगितले. देव एक आहे, हा अर्धा भाग त्यांनी म्हटला. मग रसूलाच्या नावाच्या जागी, येशू देवाचा पुत्र आहे, असे ते म्हणाले. एकच गिल्ला झाला. आता आपला ग्रंथ पायदळी जातो की काय, अशी भीती त्यांना वाटली. त्यांनी तो उचलून कापडात गुंडाळला आणि ते तेथून निघाले. शहाची भेट झालीच नाही. तब्रीझला ते तापाने पडले. ब्रिटिश वकील सर गोर औसली आणि त्यांच्या पत्नीने त्यांची शुश्रूषा केली. पुढे औसली यांनीच ती प्रत शहाला दिली, आणि १८१५ साली सेंट पीटर्सबर्गला तो ग्रंथ छापला गेला. उर्दू नवा करार त्याआधी एक वर्ष श्रीरामपूरला छापून झाला होता. आपले एकही छापील पुस्तक मार्टिनसाहेबांनी पाहिले नाही.

इंग्लंडला परतावे, लिडियाला भेटावे, म्हणून ते सप्टेंबरात घोड्यावरून तुर्कस्तानच्या वाटेने निघाले. अंगात ताप. बरोबरचा तार्तर वाटाड्या निर्दयपणे दौड करवी. ६ ऑक्टोबरला घोडे मिळाले नाहीत म्हणून अचानक विसावा मिळाला. ते एका फळबागेत जाऊन बसले. त्या दिवसाची नोंद ही त्यांच्या रोजनिशीतली शेवटची. त्या एकांतात त्यांनी देवाचे चिंतन केले आणि त्यांना देव सोबती, मित्र आणि सांत्वन करणारा वाटला, असे तीत आहे. दहा दिवसांनी, १६ ऑक्टोबर १८१२ रोजी, तोकात या गावी त्यांचे निधन झाले. जवळ आप्त कोणी नव्हते. आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनी त्यांना माती दिली.

केंब्रिजचा पहिला गणिती, हिब्रू, ग्रीक, अरबी, फारसी, उर्दू जाणणारा भाषापंडित. शेवटच्या पानावर त्याने देवासाठी वापरलेले शब्द असे आहेत की आमच्या बालवर्गातल्या मुलालाही कळावेत. सोबत, मैत्री, सांत्वन ही तिन्ही माणसाच्या अनुभवातली आहेत. देव त्यांत मावतो असे नाही. पण परकेपणात, तापात, मरणाच्या दारी बसलेल्या माणसाने ते शब्द वापरले, तेव्हा ते पोकळ नव्हते.

आता संडेस्कूलच्या बाईंकडे परत येऊ. पुढच्या रविवारी तो मुलगा पुन्हा विचारील. त्याला गप्प करू नका. प्रथम हे सांगा की तुझ्या मित्राचे अर्धे बरोबर आहे, आपणही तसे मानीत नाही, आणि हे त्याला जाऊन सांग. मग उधळ्या पुत्राची गोष्ट वाचा, गेथशेमानेची वाचा, आणि येशू देवाला बाप म्हणून कशी हाक मारी ते मुलाला त्याच्या त्याला दिसू द्या. मग तो कदाचित विचारील की बाई, तुम्हाला देव कसा वाटतो. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रश्नोत्तरावलीत नाही. ते प्रत्येक शिक्षकाने शनिवारी रात्रीच स्वतःशी शोधून ठेवावे.